शनिवारी ओहायो स्टेट विरुद्ध मिशिगन: अंदाज सांगा, पण कारणासकट

टोलेडोकर | मंगळवार, २६ नोव्हेंबर २०२४, रात्री ९:४०

मंडळी, दरवर्षीचा धागा काढतोय. येत्या शनिवारी, ३० तारखेला दुपारी १२ वाजता कोलंबसच्या ओहायो स्टेडियमवर ओहायो स्टेट आणि मिशिगन या विद्यापीठांचे अमेरिकन फुटबॉल संघ भिडणार. भारतात तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतील. आमच्याकडे या सामन्याला नुसतं 'द गेम' म्हणतात. कुठला, असं कुणी विचारत नाही.

मी राहतो टोलेडोत. गाव ओहायोतलं, पण मिशिगनची हद्द घरापासून गाडीने दहा मिनिटांवर. आमच्या गल्लीत एका दाराला लाल-राखाडी झेंडा, तर शेजारच्या दाराला निळा-पिवळा. हे वैर फुटबॉलपेक्षा जुनं आहे. १८३५ साली या टोलेडोच्या पट्ट्यावरूनच दोन्हीकडच्या फौजा समोरासमोर आल्या होत्या. जीव कुणाचा गेला नाही, पण एका उपशेरीफला चाकू लागला. शेवटी टोलेडो ओहायोकडे गेलं, मिशिगनला बदल्यात वरचं द्वीपकल्प मिळालं आणि २६ जानेवारी १८३७ ला ते राज्य म्हणून संघराज्यात आलं. दिलेला तुकडा कुचकामी आहे अशी तेव्हा मिशिगनकरांची तक्रार होती, पुढे तिथेच तांबं आणि लोखंड निघालं. सीमाभागात राहणाऱ्या माणसाचं मन कसं असतं हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

आता यंदाचं. ओहायो स्टेट १० विजय, १ हार, आणि तीही ऑरेगनकडून ३२-३१ अशी एका गुणाने. मागच्या शनिवारी त्यांनी तोवर अपराजित असलेल्या इंडियानाला ३८-१५ असं लोळवलं. मिशिगन गेल्या मोसमाचा विजेता, पण यंदा ६ विजय, ५ हार. टेक्सस, वॉशिंग्टन, इलिनॉय, ऑरेगन, इंडियाना, सगळ्यांनी हरवलं. जाणकार ओहायो स्टेटला साधारण २० गुणांनी पुढे धरतायत.

माझा अंदाज: ओहायो स्टेट २०, मिशिगन १३. ओहायो जिंकेल, पण २० गुणांचा फरक पडणार नाही. कारण एकच आहे. सेंटर.

टीव्हीवर आपण चेंडूमागे बघतो. एकदा चेंडू सोडून मधल्या पाच जणांकडे बघा: मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. सेंटर मधोमध वाकून उभा असतो, दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्या गड्याच्या, हातात देतो आणि त्याच क्षणी समोरच्या दीडशे किलोच्या माणसाला छातीवर घेतो. समोरचे कुठून चाल करून येतील हे ओळखून बाकीच्या चौघांना ओरडून सांगण्याचं कामही बहुतेक वेळा त्याचंच. ओहायोचा सेंटर सेथ मॅक्लॉफलिन गेल्या आठवड्यात सरावात जखमी झाला. टाचेवरची शीर तुटली, मोसम संपला. त्याआधी डावा टॅकल जॉश सिमन्स ऑरेगनविरुद्ध गेला. म्हणून डावा गार्ड डॉनोव्हन जॅक्सन टॅकलला सरकला, त्याच्या जागी आलेला कार्सन हिन्झमन आता सेंटरला. म्हणजे मोसम सुरू झाला तेव्हाच्या डावीकडच्या तिघांपैकी आपापल्या जागेवर आज एकही नाही.

आणि समोर कोण? मेसन ग्रॅहॅम आणि केनेथ ग्रँट, मिशिगनच्या बचावफळीतले मधले दोघे. मिशिगनचं यंदा काहीही बिघडलेलं असो, हे दोघं बिघडलेले नाहीत.

रस्सीखेचीत शेवटचा गडी कितीही ताकदीचा असला तरी मधल्याचा पाय घसरला की दोर जातो. तुमचा अंदाज लिहा, पण कारणासकट.

---

बकायबाप | मंगळवार, २६ नोव्हेंबर, रात्री १०:१५

टोलेडोकर, धाग्याची वाटच बघत होतो.

माझा अंदाज ओहायो स्टेट ३४, मिशिगन १०. सेंटरचं तुमचं म्हणणं मान्य, पण हाच हिन्झमन इंडियानाविरुद्ध सेंटरला होता आणि ३८ गुण झाले. बाहेरच्या बाजूला पास झेलायला जेरेमाया स्मिथ, एमेका एग्बुका आणि कार्नेल टेट असे तिघे आहेत. यातल्या कुणाला झाकणार? त्यातून मिशिगनचा सर्वात चांगला कॉर्नर (पास झेलणाऱ्यांना अडवणारा) विल जॉन्सन कधीपासून पायाच्या दुखापतीने बाहेर आहे. मधून जाता नाही आलं तर वरून जायचं.

दुसरं कारण माणसांचं आहे. एग्बुका, हेंडरसन, जॅक सॉयर, तुइमोलोआऊ ही मुलं यंदा थेट एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, जाऊ शकत होती. परत आली, कारण तीन वर्षांत त्यांनी मिशिगनला एकदाही हरवलेलं नाही. आमच्याकडे मिशिगनला हरवलं की प्रत्येक खेळाडूला बोटाच्या पेराएवढी सोन्याची पँट मिळते. १९३४ पासूनची प्रथा. तेव्हाच्या प्रशिक्षकांनी सांगितलं होतं की तीही माणसंच आहेत, आपल्यासारखाच एकेक पाय घालून पँट चढवतात. या मुलांकडे बाकी सगळं आहे, ती पँट नाही.

आणि माझं स्वतःचं कारण. मुलगा नऊ वर्षांचा आहे. २०१९ ला आपण ५६-२७ जिंकलो तेव्हा चारचा होता, त्याला काही आठवत नाही. २०२० ला करोनामुळे सामनाच रद्द झाला. नंतर तीन हारी. जाणतेपणी त्याने हा सामना जिंकलेला पाहिलेलाच नाही. यंदा पहिल्यांदा त्याला स्टेडियमवर नेतोय.

---

निळीपिवळी | बुधवार, २७ नोव्हेंबर, पहाटे १:०५

काका, ॲन आर्बरहून लिहितेय. उद्या घरी निघायचंय, बॅग भरायची सोडून हेच वाचत बसलेय.

मी २०२१ ला पहिल्या वर्षाला आले. तो सामना मी बर्फात उभी राहून पाहिलाय. आठ वर्षं लागोपाठ हरल्यावरचा तो विजय होता, ४२-२७. हसन हॅस्किन्सने पाच टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं, सहा गुण) केले आणि शेवटी आम्ही सगळे मैदानावर उतरलो. माझे मोजे ओले होते, बोटं बधिर झाली होती आणि शेजारी एक सत्तरीचे आजोबा रडत होते. पुढच्या वर्षी कोलंबसमध्ये ४५-२३. गेल्या वर्षी ३०-२४. त्या सामन्यात झॅक झिंटरचा पाय मोडला, स्टेडियम शांत झालं, आणि लगेच पुढच्याच चालीत ब्लेक कोरम २२ यार्ड धावून टचडाउन करून आला.

म्हणजे मी कॉलेजात आल्यापासून आम्ही ओहायोकडून एकदाही हरलेलो नाही. यंदा माझं शेवटचं वर्ष.

अंदाज: मिशिगन १६, ओहायो स्टेट १३. आमचा ऑफेन्स कमजोर आहे हे मला माहीत आहे. पण आमचा क्वार्टरबॅक डेव्हिस वॉरनबद्दल एक सांगते. शाळेत असताना त्याला ल्युकेमिया झाला होता. त्यातून उठून, शिष्यवृत्ती नसताना संघात आला, यंदा आधी जागा मिळाली, मग गेली, मग परत मिळाली. त्याने तीनशे यार्ड फेकावेत अशी माझी अपेक्षा नाही. चेंडू जपावा, धावणाऱ्या कॅलेल मलिंग्सच्या हातात द्यावा आणि बाकी डेफेन्सवर सोडावं. शिवाय आमचा किकर डॉमिनिक झ्वाडा पन्नास यार्डांपलीकडूनही तीन गुणांचा फील्ड गोल मारतो. सामना अटीतटीचा झाला तर तोच कामी येईल.

---

सदाशिवपेठी | बुधवार, २७ नोव्हेंबर, सकाळी ११:३० (भारत)

पुण्यातून दरवर्षी वाचतो, यंदा विचारतोच. कॉलेजच्या पोरांच्या सामन्याला लाख माणूस कसा जमतो? आमच्याकडे कॉलेजांची अशी चुरस म्हणजे पुरुषोत्तम करंडक. भरत नाट्य मंदिराबाहेर 'अरे आव्वाज कुणाचा' सुरू झालं की अजूनही अंगावर काटा येतो. पण ते नाट्यगृहापुरतं. अख्खं राज्य कामधाम सोडून बसलंय असं होत नाही.

अंदाज लिहिण्याइतकं मला कळत नाही. शनिवारी रात्री जागून बघणार मात्र आहे.

---

डेट्रॉईटची मावशी | बुधवार, २७ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

सदाशिवपेठी, प्रश्न योग्य आहे. कोलंबसमध्ये एनएफएलचा संघ नाही. ॲन आर्बर तर मुळातच विद्यापीठाचं गाव. तिथल्या माणसाला आपला म्हणावा असा संघ एकच, विद्यापीठाचा. शिकला असो वा नसो. आमचा प्लंबर कॉलेजात एक दिवस गेलेला नाही, पण त्याच्या आजोबांपासून शनिवारची जागा ठरलेली आहे. मिशिगन स्टेडियममध्ये १,०७,६०१ माणसं बसतात, ओहायोच्या मैदानात १,०२,७८०. वानखेडेत ३३ हजार मावतात, त्यावरून अंदाज कर.

मी नाशिकहून १९९७ च्या ऑगस्टमध्ये ॲन आर्बरला आले. नोव्हेंबरमध्ये एका शनिवारी दुपारी स्वयंपाकघरात कणीक मळत होते, खिडकी बंद. एकदम गडगडल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, नोव्हेंबरात वीज कशी? बाहेर आले तर आभाळ कोरडं. स्टेडियम घरापासून दोन मैलांवर. चार्ल्स वुडसन ओहायोने लाथाडलेला चेंडू घेऊन ७८ यार्ड पळाला होता, तो त्याचा आवाज. मिशिगन २०-१४ जिंकलं. वुडसनला पुढे हाइझमन, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा करंडक, मिळाला. पुढच्या मोसमापासून मी आमच्या शेजारणीकडे सामने बघायला जाऊ लागले, ते आजतागायत.

एवढं असूनही यंदा मन मोठं करून सांगते, आपलं काही खरं नाही. ओहायो स्टेट २७, मिशिगन १०. निळीपिवळी, बाळ, रागावू नकोस. तुझ्या क्वार्टरबॅकबद्दल लिहिलंस ते वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण पास जात नसेल तर समोरचे आठ-आठ जण मधे उभे करतात आणि मग मलिंग्सने जायचं कुठून?

---

आकडेमोड | बुधवार, २७ नोव्हेंबर, दुपारी १२:४५

वीस गुणांचा अंदाज म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. अपेक्षित फरक आणि प्रत्यक्ष फरक यांत कॉलेज फुटबॉलमध्ये पंधरा-सोळा गुणांची चढउतार सहज होते. त्या हिशेबाने वीस गुणांनी पुढे धरलेला संघ शंभरात साधारण नव्वद वेळा जिंकतो. उरलेल्या वेळा हरतोच. म्हणून मिशिगन जिंकणं अशक्य नाही, पण तो अंदाज करणाऱ्याने दहातली ती एक वेळ हीच का, याचं कारण दिलं पाहिजे.

टोलेडोकरांचं कारण मला पटतं, कारण त्याला मागचे आकडे दुजोरा देतात. २०२१: धावून मिळवलेले यार्ड मिशिगन २९७, ओहायो ६४. २०२२: २५२ विरुद्ध १४३. २०२३: १५६ विरुद्ध १०७. तिन्ही वेळा जो जास्त धावला तो जिंकला. यातल्या पहिल्या दोन सामन्यांत पारडं ओहायोचंच जड धरलं होतं.

माझा अंदाज ओहायो स्टेट २८, मिशिगन १३. ओहायोने पहिल्या अर्ध्या तासात मधून धावायचा हट्ट धरला तर हा अंदाज मागे घेईन.

---

बकायबाप | बुधवार, २७ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:५०

हट्ट का धरतील? प्रशिक्षक रायन डे यांच्या हाताखाली कायम पासिंगचा खेळ झालाय.

---

टोलेडोकर | बुधवार, २७ नोव्हेंबर, रात्री ८:३०

बकायबाप, हट्ट धरतील अशी मला धास्ती आहे, कारण तीन वर्षं लोक त्यांना 'नाजूक संघ' म्हणून हिणवतायत. ज्या गोष्टीवरून माणसाला टोचून बोललं जातं तीच तो भर चौकात करून दाखवायला जातो.

इथे जुना दाखला देतो. १९६८ ला प्रशिक्षक वुडी हेज यांच्या ओहायोने मिशिगनला ५०-१४ असं चेचलं, आणि एवढे पुढे असताना शेवटच्या टचडाउननंतर एक गुणाची किक न घेता दोन गुणांसाठी गेले. पुढच्या वर्षी मिशिगनने बो शेम्बेक्लर यांना आणलं. बो हे वुडींच्याच हाताखाली खेळलेले आणि त्यांचेच साहाय्यक राहिलेले. बोंनी तो ५० चा आकडा सरावात पोरांच्या डोळ्यांसमोरून हलू दिला नाही. १९६९ चा ओहायोचा संघ देशात पहिला, लागोपाठ २२ सामने जिंकलेला. मिशिगन २४-१२ जिंकलं. तिथून दहा वर्षं गुरू-शिष्यांत जे चाललं त्याला दहा वर्षांचं युद्ध म्हणतात. मिशिगन ५, ओहायो ४, एक बरोबरी.

आणि थंडीचा दाखला द्यायचा तर १९५०. कोलंबस, २५ नोव्हेंबर, हिमवादळ. दहा फुटांवरचं दिसत नव्हतं. दोन्ही संघ चेंडू हातात ठेवायलाच घाबरत होते, मिळाला की लाथाडून समोरच्याच्या गळ्यात मारायचे. दोघांचे मिळून ४५ पंट झाले. मिशिगनने सबंध सामन्यात २७ यार्ड मिळवले. एकही फर्स्ट डाउन (चार चालींत दहा यार्ड) नाही. तरी ९-३ जिंकले, कारण ओहायोचे दोन पंट अडवले, एकातून दोन गुण आणि दुसऱ्यातून टचडाउन. त्या हारीनंतर ओहायोच्या प्रशिक्षकांनी पद सोडलं आणि त्यांच्या जागी आले वुडी हेज. म्हणजे त्या हिमवादळाशिवाय ते दहा वर्षांचं युद्धही नाही.

चेंडू न चालवताही हा सामना जिंकता येतो. म्हणून निळीपिवळीचा अंदाज मी मोडीत काढत नाही. पण आकडा माझा तोच, २०-१३ ओहायो.

---

निळीपिवळी | गुरुवार, २८ नोव्हेंबर, दुपारी ४:१०

घरी पोचले. आईने थँक्सगिव्हिंगला बटाटेवडे केलेत, टर्की दादाच्या मित्रांसाठी. दादा ओहायो स्टेटचा. जेवताना त्याने लाल स्वेटशर्ट घातला, मी निळा. बाबांनी दोघांना लांब बसवलंय.

दादा म्हणाला, यंदापासून राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफला बारा संघ आहेत, ओहायो हरलं तरी आत जाईल, त्यामुळे सामन्याला पूर्वीची धार नाही. मला हे अजिबात पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

---

डेट्रॉईटची मावशी | गुरुवार, २८ नोव्हेंबर, रात्री ९:००

दादाला २००६ आठवत नसेल. ओहायो पहिलं, मिशिगन दुसरं, दोघंही अपराजित. सामन्याच्या आदल्या दिवशी, १७ नोव्हेंबरला, बो शेम्बेक्लर गेले. दुसऱ्या दिवशी कोलंबसमध्ये, ज्यांनी त्यांना आयुष्यभर शत्रू मानलं त्या लोकांनी त्यांना मैदानावर श्रद्धांजली वाहिली. ओहायो ४२-३९ जिंकलं. तेव्हा हरणाऱ्याचं सगळं गेलं हे खरं. पण ज्या वर्षी दोघांचंही काही पणाला नव्हतं, त्या वर्षीसुद्धा या सामन्याला तिकीट मिळालेलं मला आठवत नाही.

---

बकायबाप | शुक्रवार, २९ नोव्हेंबर, रात्री १०:००

दादाचं म्हणणं कागदावर बरोबर आहे. पण आमच्या विद्यापीठात या आठवड्यात पाट्यांवरच्या प्रत्येक 'एम' अक्षरावर लाल पट्ट्यांची फुली मारतात. आज मुलाला ते दाखवायला नेलं होतं. त्याने सतरा फुल्या मोजल्या. रात्री झोपताना विचारत होता, जिंकलो तर फुल्या काढतात का?

---

सदाशिवपेठी | रविवार, १ डिसेंबर, मध्यरात्री १२:०५ (भारत)

मध्यंतर १०-१०. वीस गुणांचं काय झालं? टोलेडोकरांनी सांगितल्याप्रमाणे चेंडू सोडून मधल्या पाच जणांकडे बघतोय. ओहायोचा क्रमांक ३२ चेंडू घेतो आणि सरळ भिंतीत शिरतो. परत तेच. परत तेच. बाजूला मोकळं दिसतंय हो!

---

आकडेमोड | शनिवार, ३० नोव्हेंबर, दुपारी १:४५

अंदाज मागे घेतो.

---

निळीपिवळी | शनिवार, ३० नोव्हेंबर, दुपारी ३:३५

१३-१०!!!! झ्वाडा!!!! ४५ सेकंद बाकी असताना!!!!

मला टाइप करता येत नाहीये. बाबा नाचतायत. दादा जिन्यावर बसलाय.

---

सदाशिवपेठी | रविवार, १ डिसेंबर, पहाटे २:२० (भारत)

शेवटच्या चारही फेकी खाली पडल्या तेव्हा मी उभा होतो. खालच्या मजल्यावरच्या काकांनी फोन केला, सगळं ठीक आहे ना म्हणून. पुढच्या वर्षी मी अंदाज लिहिणार.

---

टोलेडोकर | शनिवार, ३० नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१५

मिशिगन १३, ओहायो स्टेट १०. विजेता माझा चुकला. निळीपिवळी, तुझं मनापासून अभिनंदन. तुझा फरक तीन गुणांचा, निकालाचाही तीनच.

धावून मिळवलेले यार्ड: मिशिगन १७२, ओहायो ७७. मिशिगनने पासवर सगळे मिळून ६२ यार्ड मिळवले. बासष्ट यार्ड पास करून देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या संघाला त्याच्या घरात हरवलं. मलिंग्स एकटा ११६ धावला. ओहायोच्या दोन फील्ड गोल हुकल्या, दोन्ही चाळीस यार्डांच्या आतल्या. ओहायोचा क्वार्टरबॅक हॉवर्ड याचे दोन पास मिशिगनने पकडले, त्यातल्या एकाने चेंडू थेट गोलरेषेच्या तोंडाशी नेऊन ठेवला आणि मिशिगनचा एकुलता टचडाउन तिथून आला.

हे सगळं खरं, पण मला राग आहे तो दुसऱ्या गोष्टीचा. मध्यंतराआधी हॉवर्डने स्मिथला पास देऊन टचडाउन केला, तेव्हा वाट सापडली होती. दुसऱ्या अर्ध्यात ओहायोला एकही गुण नाही. ग्रॅहॅम आणि ग्रँट जिथे उभे आहेत तिथेच चेंडू पाठवत राहिले. सेंटर नवा आहे हे अख्ख्या राज्याला माहीत होतं. आपला दोर जिथे कच्चा आहे तिथूनच ओढायचा हट्ट कशासाठी?

सामन्यानंतर जे झालं ते मला आवडलं नाही. मिशिगनच्या पोरांनी मधल्या खुणेवर झेंडा रोवायचा प्रयत्न केला, ओहायोची पोरं धावून गेली, हाणामारी झाली आणि पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला. एवढा लढून मिळवलेला विजय होता. शांतपणे मिरवला असता तर जास्त शोभला असता.

---

निळीपिवळी | शनिवार, ३० नोव्हेंबर, रात्री ११:५०

काका, झेंड्याबद्दल सहमत. गेल्या खेपेला कोलंबसमध्ये रोवला होता तेव्हा मला गंमत वाटली होती, आज नाही वाटली.

१९८८ ते १९९१ नंतर पहिल्यांदाच लागोपाठ चार. माझी चारही वर्षं. दादाने रात्री जेवताना माझ्या ताटात स्वतःहून दोन वडे वाढले आणि काही बोलला नाही.

---

बकायबाप | रविवार, १ डिसेंबर, सकाळी ९:३०

काल लिहायचं धैर्य झालं नाही.

आम्ही वरच्या मजल्यावर होतो. ॲल्युमिनियमचे बाक इतके गार की मुलाच्या खाली माझं जॅकेट घडी करून घातलं. बँड मैदानावर ओहायो लिहितो आणि शेवटी सूझाफोन हे मोठं पितळी वाद्य वाजवणारा 'आय'वरचा टिंब होऊन उभा राहतो, ते त्याने तोंड उघडं ठेवून पाहिलं. मलिंग्स शेवटच्या चढाईत मोठी धाव घेऊन गेला, तेव्हा लाखाच्या वर माणसं एकदम गप्प झाली. इतकी गप्प की खाली मिशिगनच्या कोपऱ्यातला आरडाओरडा वेगळा ऐकू आला.

पायऱ्या उतरताना एका अनोळखी माणसाने मुलाच्या टोपीवर हात ठेवला. ऐंशी उलटलेला असेल. म्हणाला, मी तुझ्याएवढा होतो तेव्हा आपणही असेच हरायचो, पुढच्या वर्षी ये. गाडीत बसेपर्यंत पोरगा बोलला नाही. मग म्हणाला, बाबा, फुल्या तशाच ठेवायला सांगा.

टोलेडोकर, तुमचं सेंटरचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं होतं. चुकलं माझं.

---

बकायबाप | मंगळवार, २१ जानेवारी २०२५, रात्री १२:४०

धागा वर काढतोय.

प्लेऑफमध्ये टेनेसीला ४२-१७, रोझ बोलमध्ये ऑरेगनला ४१-२१, टेक्ससला २८-१४ आणि आज अटलांटात नोत्र दामला ३४-२३. ओहायो स्टेट राष्ट्रीय विजेता. सेंटर तोच हिन्झमन, टॅकल तोच जॅक्सन, पण टेक्ससचा सामना सोडला तर चेंडू पहिल्यापासून स्मिथकडे. टोलेडोकर, दोर कच्च्या जागेवरून ओढायचा नाही हे त्यांनी ऐकलं म्हणायचं.

मुलगा जागा होता. मी त्याला उचलून घेतलं, खूप ओरडलो. थोड्या वेळाने त्याने विचारलं, मग आता त्यांना ती सोन्याची पँट मिळणार का? म्हटलं, नाही रे. ती फक्त मिशिगनला हरवल्यावर.

---

टोलेडोकर | मंगळवार, २१ जानेवारी, सकाळी ७:०५

अभिनंदन! बाळालाही सांगा. पुढचा सामना २९ नोव्हेंबरला, ॲन आर्बरमध्ये. माझ्या घरापासून तासाभरावर आहे. त्याला घेऊन आदल्या रात्री इकडेच या.